यात्रेसाठी कॅमेरा घेताना

पीकपाणी घरात आले की आपली माणसे यात्रेला निघतात. कोणी काशीला जातात, कोणी रामेश्वरला. कोणी अजिंठा-वेरूळ पाहून येतात. परत आले की घरची माणसे भोवती जमतात. "काय काय पाहिलंत? सांगा ना!" म्हणतात. तोंडाने सांगून किती सांगणार? घरात एखादी आजी गुडघ्यांनी अधू असते. तिला गंगा पाहायची असते, पण तिला जाणे होत नाही. म्हणून पुष्कळांना वाटते, आपल्याजवळ एक लहानसा व्हिडिओ कॅमेरा असावा.

वाटणे चांगलेच आहे. पण कॅमेरा म्हणजे काही मेथीची जुडी नव्हे, की आज वाईट निघाली, उद्या दुसरी घेतली. त्यात कष्टाचा पैसा जातो. शिवाय म्हातारी माणसे काशीला बहुधा एकदाच जातात. कॅमेऱ्याने ऐन वेळी दगा दिला, तर तो प्रसंग पुन्हा येत नाही.

दुकानदार पुष्कळ आकडे सांगतो. आकडे ऐकून माणूस भांबावतो. या धड्यात ते आकडे आपण एकेक करून समजून घेऊ.

१. हे यंत्र काय आहे?

फोटोचा कॅमेरा एका वेळी एक चित्र काढतो. व्हिडिओचा कॅमेरा एका सेकंदात २५ किंवा ५० चित्रे काढतो. ती भराभर डोळ्यांपुढून गेली की चित्र हलते आहे असे आपल्याला वाटते. सोबत आवाजही भरला जातो.

पूर्वी चित्र घेणारा कॅमेरा वेगळा आणि फितीवर ते भरणारे यंत्र वेगळे असे. पुढे दोन्ही एकाच पेटीत बसवली. तिला कॅमकॉर्डर म्हणतात. घरगुती माणसांसाठी असा कॅमेरा जपानच्या सोनी कंपनीने १९८३ साली विकायला काढला. तो सुमारे अडीच किलोचा होता. खांद्यावर घ्यावा लागे. टिपलेले चित्र त्याच यंत्रात पाहताही येत नसे. १९८५ साली त्याच कंपनीने 'हँडीकॅम' नावाचा लहान कॅमेरा काढला. हे नाव इतके रुळले, की आपल्याकडे कोणत्याही कंपनीच्या अशा कॅमेऱ्याला लोक हँडीकॅमच म्हणू लागले. १९८९ साली ७९० ग्रॅमचा कॅमेरा आला. 'पासपोर्टाएवढा' अशी त्याची जाहिरात झाली. म्हणजे प्रवासात बरोबर नेण्यासाठीच तो केला होता.

आता फीत गेली. चित्रे नखाएवढ्या किंवा टपालाच्या तिकिटाएवढ्या कार्डावर भरतात. कॅमेऱ्याचे वजनही पाव ते अर्ध्या किलोवर आले आहे.

२. नवा कॅमेरा हवाच का?

एका गावच्या भजनी मंडळाने काशीयात्रा ठरवली. वर्गणीतून एक कॅमेरा घ्यावा असे निघाले. मंडळाचे पुढारी तात्या, त्यांच्या घरच्या काकू आणि तालुक्याला शिकणारा त्यांचा पुतण्या यांचे हे बोलणे ऐका.

पुतण्या : तात्या, कॅमेरा कशाला? माझ्या मोबाईलमध्ये व्हिडिओ निघतो की!

तात्या : निघतो रे. पण तासभर भजन चाललं, तर तो पुरेल का? मध्येच फोन आला तर?

पुतण्या : फोन बंद ठेवता येईल. पण लांबलचक व्हिडिओ घेतला की मोबाईल तापतो, हे खरं. बॅटरीही उतरते.

तात्या : आणि मग घरी खुशाली कशानं कळवायची? मोबाईल एकच.

काकू : अहो, पण नुसतं देवळाचं कळस आणि आमची तोंडंच घ्यायची असतील, तर मोबाईल बरा. वर्गणी वाचेल. कॅमेऱ्यापायी कुणाला कर्ज काढायला लावू नका.

काकूंचे म्हणणे लाखमोलाचे आहे. कॅमेऱ्यासाठी कर्ज काढू नये. हप्त्यानेही घेऊ नये. चांगला मोबाईल घरात असेल, पाच-दहा मिनिटांचे तुकडेच घ्यायचे असतील, तर तो पुरतो. उलट अंधारात काही मोबाईलचे चित्र लहान कॅमकॉर्डरपेक्षा चांगले येते. याचे कारण पुढे सांगितले आहे.

कॅमकॉर्डर कोठे सरस ठरतो? तीन ठिकाणी. एक, लांबचे जवळ आणण्यात. दोन, तास-दीड तास न थांबता टिपण्यात. तीन, हातात नीट बसण्यात. फोटोच्या काही कॅमेऱ्यांत व्हिडिओ घेता येतो, पण सुमारे ३० मिनिटे झाली की तो आपोआप थांबतो. कीर्तन-भजन टिपायचे असेल तर ही गोष्ट आधी विचारून घ्या.

आणखी एक जात आहे. मुठीत मावणारा, दांड्यावर डोके असलेला कॅमेरा. २०२३ साली निघालेला असा एक कॅमेरा १७९ ग्रॅमचा आहे. त्याचे डोके आतल्या छोट्या मोटरींवर तोलून धरलेले असते. चालता चालता टिपले तरी चित्र हिंदकळत नाही. पण लांबचे जवळ आणण्यात तो कमी पडतो.

३. झूम : खरा आणि खोटा

लांबची वस्तू जवळ दिसणे याला झूम म्हणतात. झूम दोन प्रकारचा असतो.

खऱ्या झूममध्ये कॅमेऱ्यातली भिंगे पुढेमागे सरकतात. दुर्बिणीसारखेच. वस्तू मोठी दिसते आणि स्पष्टही दिसते. इंग्रजीत याला ऑप्टिकल झूम म्हणतात.

खोट्या झूममध्ये भिंग हलत नाही. घेतलेले चित्रच ताणून मोठे करतात. कणकेचा गोळा तेवढाच, पण पोळी लाटून लाटून परातीएवढी केली, तर काय होईल? पोळी मोठी होईल, पण पातळ होऊन फाटेल. तसेच चित्र फाटते. याला डिजिटल झूम म्हणतात.

म्हणून खोक्यावर १२० पट, २०० पट असे लिहिलेले पाहून भुलू नका. एकच विचारा, "ऑप्टिकल किती?" गंगेत नावेत बसून घाटावरची माणसे ओळखू यावीत, एवढ्यासाठी १० ते २० पट खरा झूम भरपूर झाला.

४. अंधार आणि परात

काशीला दशाश्वमेध घाटावर गंगेची आरती संध्याकाळी होते. तेव्हा उजेड दिव्यांचा. अजिंठ्याच्या लेण्यांतही अंधारच. अशा ठिकाणी कॅमेऱ्याची खरी परीक्षा होते.

पावसात अंगणात एक वाटी ठेवा आणि एक परात ठेवा. जास्त पाणी कशात जमेल? परातीत. कॅमेऱ्याच्या आत उजेड झेलणारा एक तुकडा असतो. त्याला सेन्सर म्हणतात. तो वाटीसारखा लहान असेल, तर अंधारात चित्र दाणेदार होते. जणू वर रवा सांडला आहे. तो परातीसारखा मोठा असेल, तर चित्र स्वच्छ येते.

स्वस्त लहान कॅमकॉर्डरमध्ये हा तुकडा फार लहान असतो. चांगल्या मोबाईलमध्ये कधी कधी त्याहून मोठा असतो. म्हणून अंधारात मोबाईल पुढे जातो. लहान कॅमेऱ्यात '१ इंच' म्हणून विकतात तो सेन्सर मोठा समजावा. पण मोठ्या सेन्सरला भिंगही मोठे लागते. मग वजन वाढते, किंमत वाढते, नाहीतर झूम कमी होतो. सगळेच एका कॅमेऱ्यात मिळत नाही. आपल्याला आरती हवी, की लांबचा घाट हवा, हे आधी ठरवा.

५. ठिपक्यांचा हिशोब

व्हिडिओतले प्रत्येक चित्र बारीक ठिपक्यांचे असते. ठिपके जास्त, तर चित्र रेखीव. 'फुल एचडी' चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार करा. २०,७३,६०० ठिपके झाले. 'फोर-के' चित्रात ३८४० गुणिले २१६० म्हणजे ८२,९४,४०० ठिपके. बरोबर चौपट.

चौपट म्हटले की हाव सुटते. पण चौपट ठिपके ठेवायला जागाही जास्त लागते. हिशोब पाहा.

फुल एचडीमध्ये एक चांगला कॅमेरा सेकंदाला सुमारे ३ एमबी भरतो. एमबी हे साठवणीचे माप आहे, धान्याच्या पायलीसारखे. तासाला ३६०० सेकंद. म्हणजे १०,८०० एमबी. सुमारे ११ जीबी. आठ दिवस रोज एक तास टिपले तर ८८ जीबी. ६४ जीबीची दोन कार्डे पुरतात.

फोर-केमध्ये पुष्कळ कॅमेरे सेकंदाला साडेबारा एमबी भरतात. तासाला ४५ जीबी. आठ तासांना ३६० जीबी. म्हणजे ६४ जीबीची सहा कार्डे लागतील. घरचा टीव्ही जुना असेल, संगणक जुना असेल, तर तो हे व्हिडिओ धडपणे दाखवणारही नाही. घरच्या माणसांना दाखवायला फुल एचडी उत्तम आहे.

कार्डाचा वेगही पाहावा लागतो. कार्डावर गोल चिन्हात १० असेल, तर ते सेकंदाला निदान १० एमबी घेते. फुल एचडीच्या ३ एमबींना ते पुरते. फोर-केच्या साडेबाराला पुरेलच असे नाही. तेथे 'व्ही ३०' लिहिलेले कार्ड घ्या. ते सेकंदाला निदान ३० एमबी घेते. नाही तर ऐन आरतीत कॅमेरा थांबायचा.

बाजारात खोटी कार्डेही मिळतात. वर ६४ लिहिलेले, आत जागा ८ची. ती भरली की पुढचे सारे वाया. म्हणून नवे कार्ड घरीच एकदा काठोकाठ भरून पाहा. शेवटचा व्हिडिओ नीट दिसला तरच ते यात्रेला न्या.

६. काकूंचा प्रश्न

काकू : चित्राचं झालं. आवाजाचं काय? आमच्या सासूबाई पहाटे जात्यावरच्या ओव्या म्हणतात. यात्रेतही म्हणतील. वयानं आवाज बारीक झालाय. तो कॅमेऱ्यात येईल का?

पुतण्या : काकू, तुम्ही मोठं मर्माचं विचारलंत! दुकानात सगळे चित्रच बघतात. आवाज कोणी ऐकत नाही.

खरोखर, चित्र थोडे अंधुक असले तरी आपण पाहतो. पण आवाज कळला नाही तर आपण उठून जातो. आणि माणूस गेल्यावर घरच्यांना आठवण येते ती आवाजाचीच. कॅमेऱ्याच्या अंगच्या माईकवर नदीकाठचा वारा आदळला की नुसती घरघर ऐकू येते. म्हणून बाहेरचा माईक लावायची जागा असलेला कॅमेरा घ्यावा. पाहिजे तर पुढे कपड्याला अडकवायचा लहान माईक घेता येतो. माईकवर फोमची टोपी किंवा केसाळ टोपी बसवली की वारा अडतो. आणि फुकटचा उपाय असा, की बोलणाऱ्याच्या जवळ जा. दोन हातांवरून टिपलेला आवाज दहा हातांवरून घेतलेल्यापेक्षा किती तरी स्वच्छ येतो.

७. हात हलतो, वीज लुकलुकते

नावेत बसले की हात हलतो. बसमध्ये हलतो. म्हातारपणी तर बसल्या जागी हलतो. कॅमेऱ्यात हा थरथराट शोषून घेण्याची सोय असते. तिचेही दोन प्रकार आहेत. एकात भिंग किंवा सेन्सरच आतल्या आत सरकून तोल सावरतो. दुसऱ्यात चित्राच्या कडा कापून ते स्थिर भासवतात. झूम करून टिपायचे असेल, तर पहिला प्रकार सरस. दुकानात झूम पूर्ण ओढा, रस्त्यापलीकडच्या पाटीवर धरा आणि पाहा. पाटी नाचते की ठरते?

आता विजेचे ऐका. आपल्या देशातली वीज सेकंदाला ५० वेळा आवर्तन घेते. त्यामुळे पुष्कळ दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात, मंदावतात. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. आपल्याकडे सेकंदाला २५ किंवा ५० चित्रे घेणारा कॅमेरा या चालीशी जुळतो. अमेरिकेत वीज ६० आवर्तनांची. तेथला कॅमेरा ३० किंवा ६० चित्रे घेतो. आपल्या पुष्कळ घरांतला पोरगा किंवा भाचा आता तिकडे असतो. तो येताना कॅमेरा आणतो. इथे ट्यूबलाइटखाली त्याच्या चित्रात पट्टे पळू लागतात. काही कॅमेऱ्यांत 'पाल' नावाची सोय असते. ती निवडली की चाल बदलते. काहींत बदलता येत नाही. भाच्याला आधीच विचारून ठेवा.

८. फसू नका

बाजारात नाव-गाव नसलेले स्वस्त कॅमेरे येतात. वर लिहिलेले असते, 'फोर-के, ४८ मेगापिक्सेल, १८ पट झूम'. आत लहानसे पक्के भिंग असते. झूम सगळा ताणलेला. मेगापिक्सेल हा आकडा फोटोचा असतो, आणि तोही पुष्कळदा ताणून फुगवलेला असतो. अशा कॅमेऱ्याला दुरुस्ती नसते, सुटी बॅटरीही पुढे मिळत नाही.

जुन्या बाजारात फितीचे कॅमेरे मिळतात. दिसायला भारी, किंमत थोडी. घेऊ नका. फिती मिळणे कठीण. फितीवरचे चित्र संगणकात घ्यायला जी जोडणी लागते, ती आताच्या संगणकांत नसते. मात्र तुमच्या घरी लग्नाच्या जुन्या फिती असतील, तर त्या आजच कार्डावर किंवा डिस्कवर उतरवून घ्या. फीत वर्षांनी झिजते, दमट हवेत तिला बुरशी येते.

पक्के बिल घ्या. कॅमेऱ्यावरचा क्रमांक बिलावर लिहून घ्या. कंपनीची हमी भारतात चालेल ना, हे लेखी घ्या. "बिलाशिवाय घ्या, स्वस्त देतो" असे कोणी म्हणाला, तर तेथून उठा. व्हिडिओ कॅमेऱ्यावरचा जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तेवढा कर वाचवायला जाल, तर हमीच गमावाल. तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावा.

हातचे सगळे पैसे कॅमेऱ्यावर खर्चू नका. १०० रुपये असतील तर ७५ कॅमेऱ्याला. उरलेल्या २५ मध्ये जादा बॅटरी, दोन कार्डे, पिशवी आणि माईक.

९. निघण्यापूर्वी आणि पोहोचल्यावर

कॅमेरा यात्रेच्या निदान १५ दिवस आधी घ्या. गावच्या सप्त्यात, बाजारात वापरून पाहा. दोघातिघांनी शिका. शिकलेला एकच माणूस असला आणि तोच आजारी पडला, तर कॅमेरा पिशवीतच राहायचा.

टिपताना कॅमेरा ठरलेल्या जागी धरा आणि मनात १० आकडे मोजा. औत फिरवल्यासारखा तो इकडून तिकडे फिरवू नका. पाहणाऱ्याला भोवळ येते.

विमानाने जाणार असाल, तर जादा बॅटऱ्या हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या सामानात त्या चालत नाहीत. बॅटरीचे माप वॅट-तासात असते. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. ७.४ व्होल्टची २ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे १४.८ वॅट-तास. विमानात १०० पर्यंतची चालते.

जेथे मनाई आहे तेथे कॅमेरा काढू नका. काशी विश्वनाथाच्या मंदिरात कॅमेरा व मोबाईल नेऊ देत नाहीत. हे देऊळ अहिल्याबाई होळकरांनी १७८० साली पुन्हा बांधून घेतले. ते डोळे भरून पाहा. अजिंठ्यात चमकणारा दिवा, म्हणजे फ्लॅश, लावायला बंदी आहे. त्या उजेडाने जुन्या रंगांना धोका असतो. मणिकर्णिका घाटावर प्रेते जळत असतात. तेथे कॅमेरा झाकून ठेवा. दुसऱ्याचे दुःख ही आपली करमणूक नव्हे. नदीत स्नान करणाऱ्या बायाबापड्यांवर कॅमेरा रोखू नका. कोणाचे तोंड जवळून घ्यायचे असेल, तर आधी विचारा.

घरी आल्यावर पहिले काम कोणते? कार्डावरचे सारे दोन ठिकाणी उतरवणे. एक प्रत तुमच्या घरी, एक दुसऱ्याच्या घरी. दोन्ही प्रती उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसू नका. बियाणे आपण एकाच कणगीत ठेवत नाही ना? तसेच हे. मग देवळापुढे पडदा लावा आणि ज्यांना यात्रा घडली नाही, त्यांना आधी पुढे बसवा.

ध्यानात ठेवा

१. आधी काय टिपायचे ते ठरवा, मग दुकानात जा.
२. झूम विचाराल तेव्हा 'ऑप्टिकल' असे विचारा.
३. आरतीसाठी मोठा सेन्सर, लांबच्यासाठी मोठा झूम.
४. बोलणे टिपायचे असेल तर माईकची जागा पाहा.
५. बिल, हमी, क्रमांक.
६. दोन बॅटऱ्या, दोन कार्डे, दोन प्रती.

प्रश्न

१. काकूंनी कर्जाबद्दल काय सांगितले? तुम्हाला ते पटते का?
२. पोळी आणि परात यांचे दाखले कशासाठी दिले आहेत?
३. फुल एचडीमध्ये तासाला ११ जीबी लागतात. पाच दिवस रोज दोन तास टिपले, तर ६४ जीबीची किती कार्डे लागतील?
४. तुमच्या घरात कोणाचा आवाज टिपून ठेवावा असे तुम्हाला वाटते? पाच ओळी लिहा.

शब्दांचे अर्थ

भिंग : चित्र आत घेणारी फुगीर काच.
सेन्सर : कॅमेऱ्यातला उजेड झेलणारा तुकडा.
आवर्तन : पुन्हा पुन्हा होणारा फेरा.
हमी : वस्तू बिघडली तर दुरुस्त करून देण्याचे वचन.
प्रत : मुळासारखी दुसरी नक्कल.